ऊन पडलेलं, आभाळ निळं, तरी विमानं जमिनीवरच का? (व्हीएफआर-आयएफआर आणि आपलं खान्देशी हवामान)

काठावरचा_पाटील | १५ डिसेंबर, सकाळी ११:२०

राम राम मंडळी. आमचं शेत शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठाला. शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात, पोरांना आता त्याचं काही कौतुक राहिलेलं नाही. मला मात्र एक कोडं पडलंय. गेल्या आठवड्यात सकाळी आठला छान ऊन पडलेलं, वर आभाळ निळंशार, आणि एक विमान वर नाही. साडेदहाला एकदम रांग लागली. उलट परवा दिवसभर ढगाळ. म्हटलं आज यांना सुट्टी, तर ही मंडळी सकाळपासून वर! हे उलटं गणित काय आहे?

बारावीतल्या भाच्याला पायलट व्हायचंय. तो म्हणतो, "मामा, ते व्हीएफआर असतं." पुढे विचारलं की मोबाईलमध्ये तोंड घालतो. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

केळीवाला_रावेर | सकाळी ११:४१

पाटील, भाच्याला आधी केळीचा भाव विचारा, मग इमानाचं बघू. धागा भारी आहे भो, वाचतोय.

उजवी_सीट | दुपारी १:०५

पाटीलसाहेब, तुम्ही वर बघता, आम्ही समोर बघतो. उत्तर एवढंच आहे, पण तुम्ही उलगडून मागितलंय.

(ओळख: बरीच वर्षं शिकाऊ वैमानिकांच्या शेजारी, उजव्या सीटवर बसून त्यांना शिकवलं. आता निवृत्त.)

उडायचे नियम दोन. व्हीएफआर म्हणजे नजरेवर उडणं. क्षितिज बघून विमान सरळ ठेवायचं, जमीन बघून वाट काढायची आणि दुसरं विमान दिसलं की आपणच बाजूला व्हायचं. आयएफआर म्हणजे उपकरणांवर उडणं. बाहेर नुसता पांढरा पडदा असला तरी चालतं, पण त्यासाठी विमानात तशी उपकरणं हवीत, वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (उपकरणांवर उडायची परवानगी) हवं आणि जिथे उतरायचं तिथे उपकरणांच्या आधारे खाली यायची आखून दिलेली पद्धत हवी. नियंत्रित हवाई क्षेत्रात दोन आयएफआर विमानांमधलं अंतर एटीसी, म्हणजे जमिनीवरचं हवाई वाहतूक नियंत्रण सांभाळतं.

आता व्हीएफआरचे आकडे. १०,००० फुटांखाली समोर किमान ५ किमी दिसलं पाहिजे. ढगापासून आडवं १,५०० मीटर आणि उभं १,००० फूट लांब राहायचं. १०,००० फुटांच्या वर गेलात की ५ चे ८ किमी होतात, कारण तिथे विमानं वेगात असतात आणि समोरचं दिसेपर्यंत अंगावर येतं. नियंत्रित क्षेत्राबाहेर ३,००० फुटांखाली थोडी सूट आहे: ढगात न शिरता, जमीन दिसत राहिली की पुरे. ५ किमी मात्र तिथेही सुटत नाहीत. शिवाय कंट्रोल झोनमधल्या (विमानतळाभोवतीच्या नियंत्रित पट्ट्यातल्या) विमानतळावर व्हीएफआरने सुटायला-उतरायला ढगांचं छत निदान १,५०० फुटांवर हवं. छत म्हणजे अर्ध्याहून जास्त आभाळ झाकणारा सगळ्यात खालचा थर. चार चुकार ढग तरंगत असतील तर त्यांना छत म्हणत नाहीत.

आता तुमचं कोडं. डिसेंबरची रात्र, आभाळ मोकळं, वारा पडलेला. जमीन भराभर थंड होते. तापीची वाफ, केळीचे बाग, पाणी दिलेला गहू, सगळा ओलावा जमिनीलगत अडकतो आणि पहाटे शे-दोनशे फूट जाडीचा धुरकट थर तयार होतो. शेतात उभं राहून वर पाहिलं की नजर शे-दोनशे फुटांत त्यातून बाहेर पडते, म्हणून आभाळ निळं. समोर पाहिलं की तोच थर किलोमीटरच्या किलोमीटर आडवा. वर सगळं दिसतं, समोर दोन किमीवर झाडं गायब. परवाच्या दिवशी ढग होते खरे, पण ते आठ-दहा हजार फुटांवर असणार आणि खाली हवा स्वच्छ. शिकाऊ विमान हजार-दीड हजार फुटांवर फिरतं, त्याला वरच्या ढगांचं काय?

केळीवाला_रावेर | दुपारी १:३०

आमच्याकडे धुई पडली की मोटरसायकलवाल्याला म्हैस दिसत नाही. पण एक सांगा, आभाळ खालून निळं दिसतं तर वरून पायलटलाही धावपट्टी दिसत असेल ना? काहून थांबायचं मग? दिसली पट्टी, उतरा खाली.

डावी_सीट_उमेदवार | दुपारी २:१५

दादा, सगळे इथेच फसतात. मी सध्या खान्देशातल्याच एका संस्थेत शिकतोय. धावपट्टीच्या बरोबर वर असलात तर ती लख्ख दिसते. टोकाचे पांढरे आकडे, टायरचे काळे पट्टे, कडेचं वाळलेलं गवतसुद्धा. पण उतरताना आपण सरळ खाली येत नाही, तीन अंशांच्या उतारावर तिरके येतो. फायनलला, म्हणजे पट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ वाटेला वळलं की नजर त्याच थरातून तिरकी जाते आणि मघाशी लख्ख दिसलेली पट्टी विरघळते. आधी आकडे जातात, मग कडा, शेवटी फक्त एक फिकट पट्टा उरतो आणि तो रस्ता आहे की रनवे हे सांगता येत नाही. सकाळी ०९ दिशेने, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून उतरत असलात तर सूर्य तोंडावर, म्हणजे धुरकटात उजेड पसरून आणखीच पांढरं.

अशा वेळी सर एकच शब्द बोलतात: "गो-अराउंड." म्हणजे न उतरता परत वर चल. का, कसं, ते खाली आल्यावर, चहा घेताना.

निवृत्त_निरीक्षक | दुपारी ४:००

मी हवामान निरीक्षणाच्या कामात आयुष्य घालवलं, म्हणून ते ५ किमी कोण आणि कसे ठरवतो ते सांगतो. लोकांना वाटतं यंत्र आकडा देतं. काही ठिकाणी यंत्रं आहेत, पण बहुतेक जागी अजून माणूसच बघतो. निरीक्षणाच्या जागेवरून चारी दिशांच्या ठळक खुणा आणि त्यांची मोजलेली अंतरं यांचा तक्ता असतो. पाण्याची टाकी अमुक मीटर, मोबाईल टॉवर अमुक, देवळाचा कळस, कारखान्याची चिमणी, लांबचा डोंगर. टाकी दिसते, चिमणी दिसत नाही, म्हणजे दृश्यमानता त्या दोन्हींच्या मधली. निम्म्या किंवा त्याहून जास्त क्षितिजावर जेवढं दिसतं तो आकडा धरायचा. एका बाजूला केळीचा कचरा पेटलाय म्हणून अख्ख्या विमानतळाची दृश्यमानता पडत नाही, पण ती बाजू फारच वाईट असेल तर वेगळी नोंदवतात.

मग ते मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात जातं. १,००० मीटरच्या खाली गेलं तर धुकं. १,००० ते ५,००० मध्ये ओलाव्याने झालं असेल तर बीआर (विरळ धुकं), कोरड्या धुळी-धुराने असेल तर एचझेड (धुरकट). समजा सकाळी आठचा मेटार असा आहे: वारा शून्य, दृश्यमानता ३०००, बीआर, तापमान १४, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतला ओलावा दव होऊन उतरतो) १३. बरेच जण फक्त ३००० वाचून "थांबू" म्हणतात. मी शेवटची जोडी आधी वाचायला सांगेन. तापमान आणि दवबिंदू यांत एकाच अंशाचा फरक आणि वारा नाही, म्हणजे अजून थोडं बिघडू शकतं. ऊन वर येऊन फरक चार-पाच अंशांवर गेला की सुटायला लागतं. पाटलांचे साडेदहा तिथून येतात.

भुसावळकरांनी दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बघावं. पहाटे धूर थोडा वर जातो आणि आडवा, चपटा पसरतो, वर जायचं नावच घेत नाही. म्हणजे वर गरम हवेचं झाकण बसलेलं आहे, त्याखालचं धुरकट तसंच राहणार. धूर उसळ्या मारत वर जायला लागला की झाकण मोडलं. मेटार अर्ध्या तासाने येतो, चिमणी दर मिनिटाला सांगते.

शंकासुर_धुळे | सायं. ५:१०

हे सगळं ठीक. माझे दोन प्रश्न. एक, आयएफआर एवढं भारी आहे तर सगळे तेच का वापरत नाहीत? दोन, मोठी प्रवासी विमानं आयएफआरवरच येतात ना? मग मागच्या हिवाळ्यात एका छोट्या विमानतळावर आमचं विमान वर दोन चकरा मारून परत का गेलं? कंपनीने "खराब हवामान" एवढं सांगून हात वर केले. खाली काका गाडी घेऊन उभे, म्हणतात इथे ऊन पडलंय!

उजवी_सीट | सायं. ६:००

दुसऱ्याचं आधी. "आयएफआरने उडतं" आणि "आयएफआरने उतरतं" यांत फरक आहे. वाटेत ढगातून येणं सोपं. शेवटचे काही किलोमीटर जमिनीकडे यायला त्या विशिष्ट धावपट्टीची पद्धत लागते, आणि प्रत्येक पद्धतीची एक खालची हद्द असते. आयएलएस म्हणजे रेडिओ लहरींनी पट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा. तिची साधी, म्हणजे कॅटेगरी एक: २०० फुटांपर्यंत या, तोवर दिवे किंवा पट्टी दिसली तर उतरा, नाही तर वर जा. धावपट्टीवर ५५० मीटर दिसणं लागतं. कॅट दोनला १०० फूट आणि ३०० मीटर. दिल्लीला कॅट तीन आहे म्हणून जानेवारीतही तिथे विमानं उतरतात, पण त्याला तसं विमान, तसा प्रशिक्षित वैमानिक आणि जमिनीवरची महागडी यंत्रणा तिन्ही लागतात. जिथे आयएलएस नाही तिथे व्हीओआर (जमिनीवरचं रेडिओ केंद्र) किंवा उपग्रहावर आधारित पद्धती असतात, त्यांची हद्द बरीच वर असते. आणि जिथे काहीच नाही तिथे उतरायचं ते नजरेनेच, म्हणजे परत तेच ५ किमी. मग विमान दोन इंजिनांचं एटीआर असो की आमचं चार सीटांचं सेसना.

त्यात आणखी एक कुलूप: जाहीर दृश्यमानता हद्दीखाली असेल तर विमानतळापासून १,००० फूट उंचीच्या खाली अॅप्रोच पुढे चालू ठेवायचाच नाही. "बघून तर येऊ" ही सोय नाही. दोन चकरा मारून कप्तानाने सुधारण्याची वाट पाहिली असेल, इंधनाचा हिशेब संपला, निघाला. काकांना ऊन दिसत होतं, कारण काकाही वर बघत होते.

आता पहिलं. आयएफआर महाग आहे, पैशाने आणि मेहनतीने. नुसत्या रेटिंगसाठी उपकरणांवरचे ४० तास आणि क्रॉस कंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचे ५० तास लागतात. आणि हात बसलेला राहिला नाही तर कागदावरचं रेटिंग ढगात कामाला येत नाही.

शिवाय व्हीएफआर म्हणजे कमी दर्जाचं, असंही नाही. खान्देश त्यासाठी देखणा आहे. उत्तरेला सातपुड्याची भिंत, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधून तापी. सुरत-भुसावळ रेल्वे, आग्रा रोड, हतनूरचं पाणी, चांगदेवजवळचा तापी-पूर्णेचा संगम. स्वच्छ ऑक्टोबरमध्ये नकाशा मांडीवर न उघडताही शिरपूरहून जळगावला जाता येतं. उघडायचा मात्र असतोच!

कान_नाक_घसा_भुसावळ | रात्री ९:२०

व्यवसायाने कानाचा डॉक्टर, म्हणून तोंड घालतो. ढगात शिरलं तर नुसतं सरळ उडत राहायचं, त्यात काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव. डोकं वळलं की द्रव मागे राहतो, नळीतले बारीक केस वाकतात, मेंदूला कळतं वळलो. पण वळण संथ आणि एकसारखं चालू राहिलं तर थोड्या वेळात द्रव नळीच्या वेगाने फिरायला लागतो, केस सरळ होतात आणि मेंदू म्हणतो आपण सरळ चाललोय. जत्रेतल्या चक्री पाळण्यात डोळे मिटून बसा, पाळणा थांबताना उलटं फिरल्यासारखं वाटेल, ते हेच. विमानात याचा अर्थ असा की एक पंख हळूहळू कलतोय आणि शरीर शपथेवर सांगतंय की सगळं सरळ आहे. उपकरण बघून विमान सरळ केलं की उलट वाटतं आपण दुसऱ्या बाजूला कललो. माणूस परत आधीच्या बाजूला वळतो. नाक खाली जातं, वेग वाढतो, तो विमानाची काठी ओढतो, वळण आणखी आवळतं. क्षितिज दिसत असेल तर डोळे कानाला गप्प बसवतात. क्षितिज गेलं की कान बोलायला लागतो आणि कान खोटं बोलतो. यात हुशारी-मठ्ठपणाचा संबंध नाही, सगळ्यांचा कान तसाच आहे.

जुनी_कात्रणं | रात्री १०:०५

डॉक्टरांना अनुमोदन. यावर १९५४ चा इलिनॉय विद्यापीठाचा प्रयोग आहे. उपकरणांवर उडायचा अनुभव नसलेले २० जण घेतले आणि बाहेरचं दिसणं बंद केलं. सगळ्यांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत. सगळ्यात लवकर २० सेकंदांत, सगळ्यात उशिरा ४८० सेकंदांत. हा १७८ चा आकडा घाबरवायला सगळीकडे वापरतात, पण प्रयोगाचा हेतू वेगळाच होता आणि तो भाग कोणी सांगत नाही. त्यांना शोधायचं होतं की साध्या माणसाला ढगातून मागे फिरायला शिकवता येतं का. त्याच लोकांना थोडं प्रशिक्षण दिलं: उपकरण बघत सावकाश १८० अंश वळा, आलात त्या स्वच्छ हवेत परत जा. नंतरच्या ६० पैकी ५९ प्रयत्न जमले. म्हणजे पुढे रेटणारा मरतो, मागे फिरायचं शिकलेला बहुतेकदा वाचतो.

उजवी_सीट | रात्री १०:३०

हे विद्यार्थ्यांना छापून द्यायला पाहिजे. आम्ही हूड घालून तेच करून घेतो. डोक्यावर झापड, फक्त पॅनेल दिसतं, आणि "आता १८० वळ, उंची सोडू नकोस". पहिल्या वेळी बहुतेकांच्या कपाळावर घाम येतो.

आणि अनुभव असला म्हणजे सुटलो असं नाही. २६ जानेवारी २०२० ला लॉस एंजेलिसजवळ बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर पडलं. वैमानिक जुना, रेटिंगवाला, पण कंपनीला परवानगी फक्त व्हीएफआरची. वाटेत स्पेशल व्हीएफआर (कमी दिसत असताना एटीसी देतं ती खास परवानगी) घेतलं, पुढे टेकड्यांवर ढग, त्यातून वर निघायचा प्रयत्न आणि दिशाभ्रम. एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने ढगाळ हवेत व्हीएफआर पुढे रेटायच्या निर्णयावरच बोट ठेवलं. आपल्याकडे ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं. हवाई दलाच्या चौकशीत हेच निघालं: दरीतलं हवामान अचानक पालटलं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशाभ्रम झाला. यंत्रात बिघाड नव्हता.

शंकासुर_धुळे | रात्री १०:४८

२०२१ ला आपल्या चोपडा तालुक्यात सातपुड्यात पडलेलं शिकाऊ विमानही यातलंच का?

धागा_राखणदार | रात्री ११:१०

शंकासुर, त्यात एका प्रशिक्षकाचा जीव गेला आहे. त्या घटनेच्या कारणांवर इथे अंदाज नकोत. हवामानावर बोला.

सातपुडा_पायथा | १६ डिसेंबर, सकाळी ७:५०

सातपुडा निघालाच आहे तर पावसाळ्याचं सांगा. आमच्याकडून बघितलं तर जुलै-ऑगस्टमध्ये डोंगराच्या डोक्यावर दिवसभर ढगांची टोपी. खाली गावात मात्र चांगलं दिसतं, पाच काय दहा किमी. मग त्या महिन्यांत विमानं एवढी कमी का?

उजवी_सीट | सकाळी ९:१५

हिवाळ्यात दृश्यमानता अडवते, पावसाळ्यात छत अडवतं. सरींमधली हवा धुतलेली असते, लांबचं दिसतं, पण ढग आठशे-हजार फुटांवर येऊन बसतात. मग नवशिक्याच्या डोक्यात येतं, "ढगाखालून जाऊ की." सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच. वरून ढग दाबतोय, खालून जमीन वर येतेय. डोंगराकडे निघालात तर दोघं एकत्र येणारच. साक्रीकडे निघालात तर पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांची पाती अर्धी ढगात असू शकतात.

आयएफआर या बाबतीत स्पष्ट आहे. ८ किमीच्या आतल्या सगळ्यात उंच अडथळ्यावर १,००० फूट, डोंगराळ भागात २,००० फूट. नंदुरबारकडचं अस्तंभा शिखर १,३२५ मीटर, म्हणजे साधारण ४,३५० फूट. त्यात २,००० घाला: ६,३५० फुटांखाली त्या बाजूला ढगात असायचंच नाही. व्हीएफआरवाला मात्र दरीतून दोन हजारावर जाऊ शकतो, कारण डोंगर दिसतोय हे गृहीत आहे. तो दिसायचा बंद झाला की परवानगीचा पायाच गेला.

निवृत्त_निरीक्षक | सकाळी १०:००

ढगाचा पाया ढोबळ काढायची युक्ती: तापमान वजा दवबिंदू, गुणिले ४००. दुपारी तापमान ३०, दवबिंदू २५, तर ढग २,००० फुटांच्या आसपास. हे उन्हाने वर उठलेल्या कापसासारख्या ढगांपुरतं. सकाळच्या पसरट थराला लावू नका.

त्या सकाळच्या थराचा एक सापळा सांगतो. धुकं विरताना कधीकधी जागच्या जागी नाहीसं होत नाही, जमीन सोडून वर उचललं जातं. जमिनीवरची दृश्यमानता अर्ध्या तासात ८०० मीटरवरून ६ किमी होते, विद्यार्थी खूश, "सर, पाच झाले!" आणि ३०० फुटांवर अख्ख्या आभाळाला गोधडी घातलेली असते. पहिला आकडा सुटला, दुसरा अडला. मेटार पूर्ण वाचायचा तो यासाठी.

केळीवाला_रावेर | सकाळी १०:२५

आणि मे महिना? आमच्याकडे तेव्हा वावधन सुटलं की केळीची आख्खी बाग आडवी.

डावी_सीट_उमेदवार | दुपारी १:४०

मे म्हणजे धूळ. दुपारी वारा सुटला की एचझेड, तीन-चार किमी, पिवळट, क्षितिजाची रेघच नाही. आणि चारनंतर सातपुड्यावर गडगडाटी ढग दिसला की सर चावी काढून खिशात. त्या ढगाच्या पुढे धावणारा वारा धुळीची भिंत घेऊन येतो, त्यात व्हीएफआर काय, आयएफआरवालाही थांबतो. ४५ अंशांत विमान वर चढतही नाही धड. जळगावची उंची आठशे-साडेआठशे फूट, पण त्या उन्हात इंजिनाला हवा साडेचार हजार फुटांवरची वाटते. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी सहालाच तयार. आता हिवाळ्यात सहाला धुई. सगळा महिना हॉस्टेलच्या गच्चीवर लांबचा टॉवर दिसतो का ते बघण्यात जातो.

पाटील मामा, भाच्याला हे सांगा: कमर्शियल लायसन्सला २०० तास, त्यातले १०० स्वतःच्या जबाबदारीवर, ३०० नॉटिकल मैलांची एक मोठी फेरी, १० तास उपकरणांवर, ५ तास रात्रीचे. कागदावर हे वर्षभरात बसतं. पावसाळा आणि धुकं कागदात धरलेलं नसतं. माझ्या संस्थेने प्रवेशाच्या वेळी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, हप्ते सुरू होतात, आणि ४,८०० मीटर बघून वाटतं, दोनशे मीटरने काय होतंय? इथे सर ठाम नसतील तर मुलगा जातोच. संस्था निवडताना विमानं किती ते सगळे विचारतात. पावसाळ्यात "नाही" कोण म्हणतो आणि त्याचं कोणी ऐकतं का, ते विचारा.

काठावरचा_पाटील | सायं. ६:३०

हे शेवटचं भाच्याला वाचून दाखवलं. गप्प झालाय, पण हट्ट सोडलेला नाही. त्याचा एक प्रश्न: एकाच उड्डाणात दोन्ही नियम चालतात का?

उजवी_सीट | सायं. ७:१०

पोरगा बरोबर जागी विचारतोय. चालतात. फ्लाइट प्लॅनमध्ये एक अक्षर भरायचं असतं. आय म्हणजे पूर्ण आयएफआर, व्ही म्हणजे पूर्ण व्हीएफआर. वाय म्हणजे आधी आयएफआर, नंतर व्हीएफआर. झेड म्हणजे उलट. बिनउपकरणाच्या पट्टीवरून नजरेने सुटून, वर एटीसीची परवानगी घेऊन आयएफआरमध्ये शिरायचं, तो झेड. पण झेड भरला म्हणजे खालचे ५ किमी माफ झाले असं नाही, आणि परवानगी मिळेपर्यंत ढगाबाहेरच राहायचं. उलट वायमध्ये शेवटी "आता मला दिसतंय, आयएफआर रद्द करा" हे वैमानिकाने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं असतं. एटीसी ते सुचवत नाही, सुचवूही नये.

शंकासुर_धुळे | सायं. ७:४५

अवांतर: मग निवडणुकीत पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरं शेतातल्या हेलिपॅडवर कशी उतरतात? तिथे कुठला मेटार अन् कुठलं एटीसी?

उजवी_सीट | रात्री ८:२०

नजरेने, व्हीएफआरवर. कंट्रोल झोनमध्ये हवा थोडी कमी पडत असेल तर स्पेशल व्हीएफआर मागता येतं. विमानांसाठी त्यात दृश्यमानता १,५०० मीटरपर्यंत चालते, हेलिकॉप्टरला आणखी सूट असते. पण ते एटीसीने द्यायचं असतं, मंचावरच्या कार्यकर्त्याने नव्हे. शेतात खालचा माणूस फोनवर "इथे एकदम क्लिअर आहे साहेब" सांगतो, तो पाटलांच्या काकांसारखाच वर बघून सांगत असतो.

सभेची खरी अडचण सूर्यास्ताची. आपल्याकडे सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत व्हीएफआर बंद. विमानतळाभोवतीच्या स्थानिक आणि प्रशिक्षणाच्या उड्डाणांना एटीसी सूट देतं तेवढीच. डिसेंबरात जळगावला सूर्य पावणेसहा-सहाच्या दरम्यान मावळतो, आणि आपल्याकडची सभा कधी वेळेवर सुरू झालीय?

केळीवाला_रावेर | रात्री ८:३२

म्हणूनच त्यो पायलट मंचाच्या मागून सारखा घड्याळ दाखवत व्हता!

शंकासुर_धुळे | रात्री ८:४०

काकांचा उल्लेख दुसऱ्यांदा झाला, आणि ते पाटलांचे नाहीत, माझे आहेत. ते हा धागा वाचतात याची नोंद घ्यावी.